हाहू हांगते

मी एक जुनी चौकट आहे, पण मला भिंत नाही आणि ऊनवाराही ठाऊक नाही. उर्सुला टीचरांच्या ब्लॉगवर, प्रत्येक लेखाच्या पायथ्याशी, ‘आपली प्रतिक्रिया लिहा’ असं म्हणत मी ओंजळ धरून बसलेली असायचे. मित्रांनो, ओंजळीत कोण काय टाकेल, हे ओंजळीला ठरवता येत नाही.

टीचर भुईगावच्या. निवृत्त झाल्यावर त्यांनी केळीच्या वाडीकडे तोंड करून टेबल मांडलं आणि घरच्या बोलीतली लग्नाची गाणी लिहायला घेतली. त्या बोलीत ‘स’चा ‘ह’ होतो. साखरेची हाकर होते, सासूची हाहू. सुरुवातीला माझ्याकडे माणसं यायची. पाचूबंदरहून कुणी लिहायचं, आमच्यातही हे गातात, चाल तेवढी निराळी. कुवेतहून ऑस्करनं लिहिलं, वाचता वाचता आयचा आवाज ऐकू आला. टीचर प्रत्येकाला उत्तर द्यायच्या. मी तेव्हा भरल्या घरासारखी होते.

मग ते आले. त्यांना तोंड नव्हतं, नुसते हात. कुणी वजन उतरवायच्या गोळ्या आणल्या, कुणी जुगाराचं आमंत्रण. जवळचेही मागे नव्हते, सातिवलीत गाळा हवा का, कामणला गोदाम हवं का. टीचरांनी आपली आय गेल्याचं लिहिलं, तर त्याखाली एकानं लिहिलं, ‘अतिशय उपयुक्त माहिती, असंच लिहीत राहा’, आणि बुटांच्या दुकानाचा पत्ता चिकटवला. ते वाचून टीचर उठल्या आणि वाडीत जाऊन उभ्या राहिल्या.

तेव्हापासून मला कडी लागली. आलेलं सगळं बाहेर थांबायचं. ॲंजेलानं पाहिलं, की मगच आत. ॲंजेला ही टीचरांची लेक, अंधेरीला ऑफिसात जाते. तिला घरची बोली येत नाही. ती लहान असताना टीचरांनीच सगळ्यांना बजावलं होतं, पोरीशी शुद्ध बोला, नाहीतर वर्गात हसतील तिला.

ॲंजेलाचं लग्न ठरलं, आणि टीचरांनी उंबऱ्यावरचं गाणं लिहिलं. नवी सून दारात उभी राहून विचारते, तुझ्या घरात मी बसू कुठे, पाणी कुठल्या विहिरीचं भरू, आयची आठवण आली तर रडू कुठे. तीन कडवी सुनेची. चौथ्यात सासू उत्तर देते आणि तिला आत घेते. नेमकं तेच टीचरांना आठवेना. गावातल्या म्हाताऱ्यांनाही विचारून झालं. शेवटी त्यांनी लेखाखाली लिहिलं, ‘लेकीच्या लग्नात हे पुरं गायचं आहे. कुणाला येत असेल तर खाली लिहा.’

खाली म्हणजे माझ्यात. मी किती वाट पाहिली म्हणून सांगू.

आणि ते आलं. इंग्रजी अक्षरांत, नावगाव नसलेलं, बुटांच्या आणि गोळ्यांच्या गर्दीत अंग चोरून उभं. ‘हाहू हांगते, हाहू हांगते’ अशी पहिली ओळ.

ॲंजेलानं यादी वर सरकवली. टीचर ओट्यापाशी बोंबील साफ करत होत्या.

“आय, आज नुसता कचरा आहे. एक जण तर हाहू-हुहू करून हसतोय तुझ्या गाण्याला.”

टीचरांनी पुढचा बोंबील उचलला. “हसू दे. काढून टाक बाय सगळं.”

सगळं पुसायला एकच बटण असतं, मित्रांनो. बूट, गोळ्या, गाळे, गोदाम, आणि त्यांच्याबरोबर सासूचं उत्तर.

लग्नाच्या थोडं आधी आगाशीहून एक बाई आली, तिथल्या म्हाताऱ्या फेलिशियाबाईंची सून. सासू गेली होती, तिच्या महिन्याच्या मिस्साचं, चर्चमधल्या प्रार्थनेचं, सांगायला ती आली होती. ॲंजेलानं तिला पाणी दिलं. निघता निघता ती म्हणाली, “टीचर, माझ्या हाहूनं तुम्हाला गाणं पाठवलेलं. तुम्ही उत्तर दिलं नाही. शेवटपर्यंत विचारत होती, टीचरला आवडलं नाय काय?”

ॲंजेलानं तांब्या खाली ठेवला. “आय, हाहू म्हणजे?”

“सासू,” टीचर म्हणाल्या. आणि मग त्यांनाही कळलं, ते हसणं नव्हतं, ‘सासू सांगते’ होतं.

सुनेला ओळी आठवत नव्हत्या. ती माहेरची तळकोकणातली, ही बोली तिची नव्हे. “हाहू बोलत गेली तसं मी फोनवर टाइप केलं,” ती म्हणाली, “अर्थ मला कुठे कळत होता.” टीचर लेकीकडे पाहत एवढंच म्हणाल्या, “मीच तुला शिकवलं नाही.” त्यांनी मला उलटंपालटं करून पाहिलं. पुसलेलं माझ्याजवळ राहत नाही. पहिली ओळ तेवढी ॲंजेलाच्या तोंडी राहिली, तीही कचरा म्हणून वाचलेली.

लग्नाची चित्रफीत टीचरांनी ब्लॉगवर लावली आहे. ॲंजेला नव्या दारात उभी आहे. बायका तीन कडवी गातात आणि गप्प होतात. मग कुणीतरी बँडवाल्याला खूण करतं.

त्या चित्रफितीखाली मी नाही. तिथे एकच ओळ आहे, ‘प्रतिक्रिया बंद आहेत.’ बूटवाल्यांचं काय गेलं? ते दुसऱ्या कुणाच्या आयच्या मरणाखाली दुकान मांडून बसले असतील.

मित्रांनो, कचरा जरूर काढा. पण जे वाचता येत नाही ते पुसण्याआधी घरातल्या कुणाला तरी मोठ्यानं वाचून दाखवा, आहे तसं, एक अक्षरही न बदलता. आणि घरची बोली पोरांच्या कानावर पडू द्या, वर्गात कुणी हसलं तरी. आमच्या गाण्यातली सून अजून उंबऱ्यावर उभी आहे. रडू कुठे, ते तिला कुणी सांगितलेलं नाही.