चिखलातली पाच बोटं

माझा नवरा हॉलिस जेवायला बसला, पण मक्याच्या भाकरीला हात लावेना. मी म्हटलं, आता काय बिघडलं? तर माझ्याकडे न बघताच म्हणाला, "तुझा भाऊ आपल्या गुहेत शिरला होता."

"डेल्मर? वेडबिड लागलंय का तुला?"

"त्या अरुंद भोकापलीकडच्या दालनात आज पहिल्यांदा शिरलो, तर तिथं पावलं आहेत. चिखलात, अनवाणी. आपल्या गुहेच्या दाराची किल्ली माझ्या गळ्यात असते. म्हणजे तो डोंगरामागून आला, स्वतःच्या रानातून. आणि पलीकडे दालन आहे हे त्याला सांगितलं कोणी?"

कोणी म्हणजे मीच, असं त्याला म्हणायचं होतं, दुसरं कोण!

आमच्या केंटकीच्या या डोंगरांत तिकीट लावून गुहा दाखवायची हाच धंदा, आणि गुहेचा मालक सख्ख्या भावावरही विश्वास ठेवत नाही. पाहुण्यांच्या मोटारी रस्त्यातच अडवायच्या, शेजाऱ्याच्या गुहेत पाणी भरलंय म्हणून ठोकून द्यायचं, त्याच्या पाट्या उपटायच्या. चर्चच्या दारात कोणी भेटलं की आधी त्याचे बूट बघायचे, कुठला चिखल लागलाय म्हणून. त्यात सरकार इथं राष्ट्रीय उद्यान करणार, गुहांच्या जमिनी चढ्या भावानं घेणार अशी हवा उठली, मग तर विचारायलाच नको. जमिनीखाली गुहेला गुहा जोडलेली. जो आपल्या रानात नवं तोंड शोधेल तो राजा.

पण डेल्मर तसला नव्हता. आईबाप गेल्यापासून माझं माहेर म्हणजे तेवढा तो एकच. दर रविवारी आमच्याकडे जेवायला यायचा.

"मी ओलं पोतं ओढून सगळा चिखल सपाट करून आलोय," हॉलिस म्हणाला. "आता पुन्हा पाऊल उमटू दे, त्याला या घराचं दार बंद."

"अरे, पण बोटं मोजलीस का? डेल्मरच्या डाव्या पायाला तीनच बोटं आहेत. तुझीच लाकडं फोडताना दोन गेली ना!"

"चोराची बोटं कोण मोजत बसतो?"

घ्या! होता नव्हता तो पुरावाही पुसून आला शहाणा.

मग रोज कंदील घेऊन आत जायचा आणि तोंड पाडून बाहेर यायचा. पाऊल काही उमटेना. मला वाटलं, सुटले बाई. तर म्हणतो कसा, "तूच त्याला सावध केलंस." म्हणजे पाऊल उमटलं तर भाऊ चोर, नाही उमटलं तर मी फितूर! रविवारी डेल्मर आला, त्याला यानं फाटकातूनच परत लावलं. डेल्मरनं टोपी नीट केली आणि तो वळला.

दुसऱ्या दिवशी मी किल्ली मागितली नाही, हॉलिसच्या गळ्यातून ओढूनच घेतली. वाटेत छतावर दगडाची पांढरी फुलं आहेत, पाकळ्या वळलेली, मऊ दिसणारी. एरवी मी तिथं थांबल्याशिवाय पुढे जात नाही. त्या दिवशी मान वर केली नाही. पोटावर सरपटत भोकातून पलीकडे गेले. सारवल्यासारखा सपाट चिखल. भिंतीच्या कडेकडेनं कंदील फिरवला, तर एका कपारीखाली, पोतं पोचलं नव्हतं तिथं, एक पाऊल उरलेलं.

डावं पाऊल. पाची बोटं जागच्या जागी. माझ्या पावलाहूनही लहान.

बोट लावलं तर चिखल दबेना. दगड! वरून पाणी ठिबकत होतं, त्यानं पावलावर दगडाचा थर चढवला होता, चांगला बोटभर जाड. माझ्या सासऱ्यांनी स्वतःच्या लग्नाच्या वर्षी असल्याच ठिबकणीखाली घोड्याचा नाल ठेवला होता. ते म्हातारे होऊन गेले, तरी त्यावर कांद्याच्या सालीएवढाच पापुद्रा आलाय. मग हे पाऊल कोणाच्या काळातलं? शेजारी बोरूचा जळका तुकडा पडला होता, मशालीचा. असल्या मशाली आमच्यात कोणी कधी वापरल्या नाहीत.

मी दोघांनाही बोलावून आणलं. हॉलिस बघतच राहिला. डेल्मरनं मुकाट्यानं बूट काढला आणि आपला तीन बोटांचा पाय त्या पावलाशेजारी ठेवला.

"चुकलंच माझं," हॉलिस म्हणाला. यापूर्वी मी त्याच्या तोंडून ते कधी ऐकलं नव्हतं.

"जाऊ दे, दाजी. पण अशी पावलं किती होती?"

"पार भिंतीपर्यंत. मोठी होती, पोरांची होती. घरदार चालल्यासारखी."

"आणि एवढं सगळं पोत्यानं पुसलंस!" मी ओरडले. संताप संताप झाला होता माझा.

हॉलिसनं मान खाली घातली. मग हळूच वर केली. "सगळी एकाच दिशेला होती. आत येणारी. परत जाणारं एकही नव्हतं."

पाणी ठिबकत होतं.

"मग ती माणसं बाहेर पडली कुठून?" हॉलिस म्हणाला, आणि त्यानं डेल्मरकडे पाहिलं. डेल्मर वाकून बुटाची नाडी बांधत होता, फार घाईघाईनं.

"जेवून जा रे," मी म्हटलं.

"नको ताई, रानात काम आहे."

रविवारी मी तीन ताटं मांडली. डेल्मर आला नाही. डोंगरामागून, त्याच्या रानातून कुदळीचा आवाज येत होता, आणि हॉलिस घास तोंडात धरून ऐकत बसला होता.