लाल दोऱ्याची खुर्ची

नाट्यगृहाचं छप्पर गळत होतं, म्हणून नाट्यगृहात मेजवानी होती. श्रीमंतांना गरिबी दाखवायची तर ती झुंबराखालीच दाखवावी लागते, असं व्यवस्थापकबाईंचं मत. त्यामुळे गळतीखालच्या बादल्या हलवून तिथे फुलांच्या कुंड्या आल्या होत्या आणि रंगमंचावर लांबलचक टेबल मांडून त्यावर जमिनीपर्यंत लोळणारी पांढरीशुभ्र चादर घातली होती.

टाचणी तिथे बिनपगारी होती. तिला इंटर्न म्हणत. "म्हणजे काम सगळ्यांचं आणि नाव कुणाचंच नाही," असा त्या शब्दाचा अर्थ तिच्या आईने लावला होता. ओठांत टाचण्या धरून नटांचे कपडे सांधणारी, अंगानेही तशीच, म्हणून सामानकाकांनी तिला हे नाव ठेवलं. सामानकाका म्हणजे सामानखोलीचे राजे. खोट्या तलवारी, लाकडी फळं, कागदी मुकुट, सगळं त्यांच्या राज्यात. महिनाअखेर ते निवृत्त होणार होते.

"आजची संध्याकाळ नीट पार पाडलीस, तर त्या खोलीची किल्ली तुला. पगारासकट," व्यवस्थापकबाई दुपारीच म्हणाल्या होत्या. "दारात उभी राहा, येईल त्याला फूल लाव, हस आणि बोलू नकोस."

"कुणी काही विचारलं तर?"

"तर जास्त हस."

टाचणी तासभर हसली. गाल दुखायला लागले. कलेवर जीव टाकणारी मंडळी एकामागून एक येत होती; शेवटचं नाटक कधी पाहिलं हे मात्र कुणालाच आठवत नव्हतं. एका बाईंनी तिच्या तबकात फुलांशेजारी चघळलेली बी ठेवली आणि "किती गोड पोर" म्हणून पुढे गेल्या.

फुलं संपली, म्हणून ती आणखी आणायला विंगेत गेली. तिथल्या कचऱ्याच्या टोपलीत एक लाल दोरा पडला होता. तिने तो उचलून उजेडात धरला.

सामानखोलीत नियम एकच, पण काळ्या दगडावरची रेघ. जिला लाल दोरा, ती वस्तू लबाड. लाल दोऱ्याच्या सुरीचं पातं मुठीत शिरतं, लाल दोऱ्याची बाटली डोक्यावर फुटते. खुर्ची मात्र लाल दोऱ्याची एकच होती. विनोदी नाटकातला खादाड मामा तिच्यावर बसला की तिचा पुढचा पाय दुमडायचा आणि मामा टेबलाखाली जायचा. तो पाय पक्का करणारी खुंटी सामानकाकांच्या खिशात असे, आणि त्यांचा सदरा साधा म्हणून आज त्यांना मागच्या फाटकावर बसवलं होतं.

"तो दोरा ना? मीच कापला," सजावटवाल्या बाई म्हणाल्या. "मखमलीवर अगदी विटका दिसत होता गं. मोठ्या माणसाला शोभेल अशी तेवढी एकच खुर्ची होती तुमच्या त्या अडगळीत."

मोठा माणूस तिच्यावर केव्हाच विराजमान झाला होता. कारखानदार, संध्याकाळचे प्रमुख पाहुणे. अख्खं छप्पर त्यांच्या एका होकारावर उभं राहायचं होतं. ते मागे रेलून बसले होते, म्हणून अजून बसलेले होते. पुढे वाकायचा अवकाश, की संपलं.

"बाई, ती खुर्ची…" टाचणी व्यवस्थापकबाईंच्या कानाशी लागली.

"तुला बोलायला कुणी सांगितलंय?"

 मग टेबलाच्या टोकाला फूल पडल्याचं निमित्त करून टाचणी चादरीखाली शिरली. पन्नास चकचकीत बुटांमधून रांगत गेली आणि खुर्चीचा तो पाय तिने दोन्ही हातांनी घट्ट धरला. धरला तोच कारखानदार जेवणावर वाकले. तिने मनात देवाचं नाव घेतलं. टेबलाखालून आलेली हाकही त्याला ऐकू जात असावी, कारण पाय टिकला.

वर भाषणं सुरू झाली. एकाने कारखानदारांना कलेचा वटवृक्ष म्हटलं, दुसऱ्याने आधारस्तंभ. आधारस्तंभाच्या मनगटांना मुंग्या येत होत्या, पण ते वरच्यांना कुठून कळणार.

अखेर कारखानदार बोलायला लागले. "गुडघ्यांमुळे बसूनच बोलतो. छप्पर मी देतो."

टाळ्या झाल्या. टाचणीचे डोळे भरून आले.

"एकच अट. मागे ती भंगाराची खोली आहे ना, ती रिकामी करा. तिथे पाहुण्यांसाठी विश्रांतिकक्ष होईल. माझ्या नावाचा."

"अगदी आनंदाने," व्यवस्थापकबाई म्हणाल्या.

पुढच्या क्षणी खुर्चीचा पाय दुमडला.

कारखानदार घसरत, चादर ओढत टेबलाखाली आले. अंधारात नाकासमोर नाक. 

"कोण तू?" ते कुजबुजले.

"सामानखोलीतली. लागलं का?"

"नाही. पण अब्रू गेली."

"नाही गेली. मामा पडला की हसत उठतो, मुजरा करतो. तीन वर्षं त्यालाच सगळ्यात जास्त टाळ्या आहेत. आधी हसा, मग उठा. घाई करू नका."

आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी त्यांना काय करायचं ते सांगत होतं. त्यांनी मुकाट्याने ऐकलं. आधी हसू वर गेलं, मग डोकं, मग मुजरा. तिकडे हशाचा असा लोंढा उठला की झुंबर हललं. कारखानदारांच्या चेहऱ्यावर, पहिल्यांदाच रंगमंचावर आलेल्या पोराचं तेज चढलं.

"हे आमचं गुपित होतं," त्यांनी ठोकून दिलं. "आता दर वर्षी करणार."

"दर वर्षी?" व्यवस्थापकबाईंचा आवाज चिरकला.

"म्हणजे खुर्ची लागणार. ती नीट करणारं माणूस लागणार. आणि त्या माणसाला खोलीही लागणारच. विश्रांतिकक्ष दुसरीकडे बघा."

दुसऱ्या दिवशी सामानकाकांनी किल्ली टाचणीच्या पुढ्यात ठेवली. ती कालची हकीकत सांगत खुर्चीला नवा लाल दोरा बांधत होती.

"भाषणभर धरलास पाय," ते हळूच म्हणाले. "मग त्याच वाक्याला कसा गं निसटला? हात सुटला, की सोडलास?"

टाचणीने कधी खोटं बोलायचं नाही असं ठरवलेलं होतं. तिने डबीतून चार टाचण्या काढल्या, ओठांत धरल्या आणि फाटका कोट शिवायला घेतला. तोंडात टाचण्या असताना बोलायचं नसतं, हे काकांनीच तिला शिकवलं होतं.