रविवारी या

आमच्या ह्यांनी सगळी नोकरी वजनमापे निरीक्षक म्हणून काढली. हे बाजारात शिरले की दुकानदार घाईघाईने तराजू पुसायला घ्यायचे. घरी मी भाजीत मीठ टाकलं तरी ह्यांचा डोळा चमच्यावर. अशा माणसाला एका टायवाल्या पोराने चहा पाजून अख्खा फ्लॅट गळ्यात मारला.

"राहायला घर आणि वर गुंतवणूक, काका. पाच वर्षांत दुप्पट," तो म्हणाला आणि त्याने स्वयंपाकघराची खिडकी थाटात उघडली. समोर लांबलचक भिंत, भिंतीपलीकडे पत्र्याच्या शेड. "जुनी गोदामं आहेत ती. पाडून तिथे बाग होणार."

माहितीपत्रकात बाग होती, बागेत बाक होता आणि बाकावर आमच्याच वयाचं जोडपं हसत बसलं होतं.

"किती मोकळं वाटतं ना!" मी म्हणाले. तेव्हाच माझी जीभ का झडली नाही, कोण जाणे.

जुन्या दोन खोल्या विकल्या, ह्यांचा फंड ओतला आणि राहायला आलो. सामान लावून झालं आणि सोमवारी सकाळी वास आला. ती गोदामं नव्हती. हाडं उकळून सरस बनवायचा कारखाना होता तो, आमच्या लग्नाच्याही आधीपासूनचा. तो वास कपड्यांत शिरतो, उशीत शिरतो, तोंडातल्या घासात शिरतो. लेक तान्ह्या बाळाला घेऊन माहेरपणाला आली, तर पोर उलट्या करून बेजार झालं. दुसऱ्याच दिवशी परत निघाली. "आई, आता तुम्हीच येत जा," म्हणाली. तिचं घर एका खोलीचं. आम्ही गेलो की जावई गॅलरीत झोपतो, मग आम्ही तरी कितीदा जाणार? नात आता बोलायला लागली आहे, पण मला ती फोनवरच माहीत. मला त्या घरातून सुटायचं होतं, बाकी कशाशी देणंघेणं नव्हतं. ह्यांना मात्र न्याय हवा होता.

ह्यांनी फ्लॅट विकणाऱ्या कंपनीवर दावा लावला. कोर्टात कंपनीचा वकील फार गोड बोलायचा. "साहेब, आपण जन्मभर लोकांची लबाडी पकडलीत. फ्लॅट स्वतः बघून घेतलात. तेव्हा काय कुणी आपलं नाक धरून ठेवलं होतं?" हशा पिकला. त्या दिवशी हे जेवले नाहीत. मला त्या वकिलाच्या थोबाडीत मारावीशी वाटली होती.

दुसऱ्या दिवसापासून हे इमारतीतल्या दारादारांत जाऊन एकच प्रश्न विचारू लागले. फ्लॅट बघायला तुम्हाला कुठल्या वारी बोलावलं होतं? तळमजल्यापासून गच्चीपर्यंत उत्तर एकच, रविवारी. कुणी दुसरा वार मागितला, तर कंपनीवाले 'त्या दिवशी ऑफिस बंद असतं' म्हणायचे. आणि कारखान्याच्या भट्ट्या थंड असतात त्या फक्त रविवारी.

"म्हणजे त्यांना माहीत होतं," हे म्हणाले. "ठरवून फसवलं गं आपल्याला."

पुढच्या तारखांना एकेक शेजारी उभा राहून 'रविवारी' म्हणत गेला, तसा वकिलाचा गोडवा आटत गेला. आम्ही जिंकलो. पैसे व्याजासकट परत करा, असा निकाल लागला. शेजाऱ्यांनी ह्यांना खांद्यावर घ्यायचंच काय ते बाकी ठेवलं होतं. वसुलीला गेलो, तर ऑफिसवर वेगळीच पाटी. जुनी कंपनी बुडाली म्हणे. मालक तेच, नाव नवं, आणि पुलापलीकडे त्यांच्या नव्या इमारतीचं काम जोरात चालू.

"आता मालकांवर वेगळा दावा लावावा लागेल," आमच्या वकीलबाई म्हणाल्या.

"त्याला किती वर्षं?" मी विचारलं. त्यांनी माझ्या पांढऱ्या केसांकडे पाहिलं आणि समोरचे कागद सारखे करत बसल्या.

मग एकेक शेजारी फ्लॅट विकून गुपचूप निघून गेला. काय सांगून विकला, हे कुणी कुणाला विचारलं नाही. मीही ह्यांच्यामागे लकडा लावला. आपणही जाहिरात देऊ.

"आणि येणाऱ्याला काय सांगू?" हे चिडले.

"ते तुमचं तुम्ही बघा. मला नात मांडीवर घ्यायची आहे."

जाहिरात दिली. एका नर्सचा फोन आला. लग्न नुकतंच झालेलं, पहिलंच घर घेत होती. हे कानाने कमी ऐकतात, त्यामुळे फोन स्पीकरवर होता.

"काका, मला बुधवारी सुट्टी असते. बुधवारी येऊ का?"

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी नुसतीच ओले हात पदराला पुसत राहिले.

"बुधवारी आम्ही घरी नसतो," हे म्हणाले. "रविवारी या. निवांत बघता येईल."

फोन ठेवून हे बाथरूममध्ये गेले. बराच वेळ आतून नुसता नळाचा आवाज येत होता.

रविवारी ती नवऱ्याला घेऊन आली. मी चहा केला. पाणी किती वेळ येतं, वरून गळतं का, तिने विचारलं तेवढं ह्यांनी खरं खरं सांगितलं. वासाचं तिने विचारलं नाही. विचारणार तरी कशी?

स्वयंपाकघराची खिडकी मीच उघडली. पोरगी पुढे झाली, कट्ट्यावर हात टेकून तिने भरभरून श्वास घेतला.

"किती मोकळं वाटतं ना!" ती म्हणाली.

हे दारात मान खाली घालून उभे होते.

"हो ना," मी म्हणाले. "आम्हालाही पहिल्या दिवशी असंच वाटलं होतं."