झेंडूच्या हाराआडचा ब्रेकलाइट

मित्रांनो, मी एक जुना बल्ब आहे आणि माझी जागा गाडीच्या ढुंगणाशी आहे. सभ्य माणसं तिला गाडीची मागची बाजू म्हणतात. म्हणोत बापडी. मी उजवीकडच्या ब्रेकलाइटचा बल्ब, आवळ्याएवढा. माझ्या पोटात दोन तारा आहेत. एक मंद, ती अंधार पडला की पेटते. दुसरी प्रखर, ती ब्रेक दाबला की पेटते आणि मागून येणाऱ्याला सांगते, "थांब बाबा, पुढचा थांबतोय." एवढंच माझं काम. पण ते मालकाला कधीच दिसत नाही, म्हणून त्याची किंमतही त्याला कळत नाही.

कारखान्यात मला काचेचं पोट आणि पितळी बूड मिळालं. एका बाईंनी मला पेटवून पाहिलं आणि "चांगलाय" म्हणून खोक्यात टाकलं. तिथून मी साताऱ्याच्या गंगाधरपंतांच्या पांढऱ्या गाडीत आलो. पंत स्वभावाने कंजूष आणि बोलायला कडू. पण दर शनिवारी ते गाडी मागे घेऊन कंपाउंडच्या भिंतीला भिडवत, ब्रेक दाबत आणि आरशात भिंतीवरचा तांबडा उजेड बघत. दोन्हीकडे सारखा दिसला की घशातून "हं" असा आवाज काढत. त्या "हं"साठी मी जगत होतो. काचेभोवतीचं रबर चिरलं, तेव्हा त्यांनी ते लगेच बदललं. नाहीतर पाणी शिरून माझं बूड गंजलं असतं.

पंतांची नजर अधू झाली आणि त्यांनी गाडी विकली. घेणारा होता इस्लामपूरजवळच्या एका गावचा भाऊसो. इथून माझ्या वाईट दिवसांना सुरुवात झाली.

हा भाऊसो म्हणजे नुसता वरून रंग. गावात पुढारी व्हायची त्याला भारी हौस. त्याने गाडीच्या पुढे असे पांढरेफेक दिवे बसवले की समोरून येणाऱ्याने डोळे मिटूनच जावं. खाली निळ्या लुकलुकत्या पट्ट्या लावल्या. मागच्या काचेवर वीतभर उंच अक्षरांत स्वतःचं नाव चिकटवलं आणि काचेतला तिसरा ब्रेकलाइट त्याखाली गाडून टाकला. माझ्या नि माझ्या डाव्या भावाच्या तोंडावर काळपट फिल्म चढवली. का, तर म्हणे त्याने गाडी "लय टेरर" दिसते! पुढे बसलेल्या कुठल्याही दिव्याचा मला हेवा वाटला नाही. किळस मात्र आली.

फिल्मला वर्ष होत आलं तोवर डावा भाऊ गेला. तार तुटली, काच आतून काळी पडली. बल्ब जातातच, त्यात नवल नाही. पण महिनाभर तो मेलेला तिथेच बसून होता आणि मालकाला पत्ता नव्हता. कारण हा मनुष्य आपल्या गाडीच्या मागे कधी उभाच राहिला नाही. फोटोसुद्धा समोरून.

पत्ता लागला तो त्याच्या लेकीला, पूजाला. ती पोलीस भरतीची तयारी करत होती. दोन वर्षं रोज पहाटे साखर कारखान्याच्या रस्त्याला पळायची. दिवाळीआधी सांगलीला तिची मैदानी चाचणी होती आणि या खेपेला ती निघणार, असं सगळ्या गावाला वाटत होतं. एकदा पळून येताना तिने बापाची गाडी फाटकात थांबताना पाहिली. डावा दिवा पेटलाच नाही, उजवा पेटला की नाही ते कळलं नाही. ती दुकानात जाऊन दोन नवे बल्ब घेऊन आली. एक गेला की दुसराही बदलावा, एवढी अक्कल तिला होती. बापाला नव्हती.

दुर्दैव असं, की तो दिवस खंडेनवमीचा होता. खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारांची पूजा होते. विळा, खुरपं, पान्हे, स्क्रूड्रायव्हर, सगळं देव्हाऱ्यापुढे पाटावर मांडतात, हळदकुंकू वाहतात आणि त्या दिवशी कुणी त्याला हात लावत नाही. गाडीचीही पूजा होते. आम्हाला मागच्या बाजूला झेंडूचा हार मिळाला, तोही थेट माझ्या तोंडावर.

पूजाने पाटावरचा स्क्रूड्रायव्हर उचलायला हात पुढे केला, तसा भाऊसो ओरडला, "ए पोरी! खुळी हायस का? हत्यार पूजेला बसलंय."

"आप्पा, डावा लाइट कवाचा गेलाय. उजव्यावर तुमची ती फिल्लम, वरनं हार. मागच्याला कायबी दिसत न्हाई. दोन मिंटाचं काम हाय."

"उद्या बघू. सोनं वाटून झाल्यावर."

"मग गाडीबी पूजेलाच बसलीया की. ती कशी काय भायेर काढताय?"

"आवं, खरं बोलतीया ती," तिची आई, राहीबाई, चुलीजवळून म्हणाली. "करू द्या की तिला."

"तू गप! देवीला गाडी दाखवाय न्यायला लागती."

ऐकलंत? वीतभर स्क्रूड्रायव्हरला विश्रांती आणि हजार किलोच्या गाडीला मिरवणूक! देवीने असं सांगितलेलं मी तरी ऐकलं नाही. शास्त्र तेवढंच पाळायचं, जेवढ्याने आपलं अडत नाही.

दिवेलागणीला गाडी निघाली. आत भाऊसो आणि त्याचं टोळकं. पूजाला बसायला जागा नव्हती, म्हणून ती ओटीचं ताट पायाशी ठेवून स्कूटीवरून मागे येत होती. डोक्यावर हेल्मेट, अंतर राखून. फाट्यावर दसऱ्याच्या शुभेच्छांचा भला मोठा फ्लेक्स लागला होता. भाऊसोने मान वर केली आणि त्याला दिसलं, की त्याचा फोटो सगळ्यात खालच्या ओळीत, तिकिटाएवढा छापलाय. त्या धक्क्याने त्याने भर रस्त्यात करकचून ब्रेक दाबला.

मी पेटलो, मित्रांनो. जेवढी ताकद होती तेवढी लावून पेटलो. फिल्मच्या आत, हाराच्या आत. माझ्या उजेडाने झेंडूची फुलं तेवढी तांबडी झाली. त्यापलीकडे काही गेलं नाही. मग ताट वाजलं, आणि त्यानंतर स्कूटी आपटली.

भाऊसो दार आपटून खाली उतरला, तो मागे न बघताच शिव्या देत. "आंधळा हायस का रं? येवढा ब्रेकलाइट दिसत न्हाई व्हय तुला?"

शिव्या देतच तो मागे आला. पूजा रस्त्यावर पडली होती. हेल्मेटमुळे डोकं वाचलं होतं, पण उजव्या नडगीचं हाड मोडलं होतं. ती रडत नव्हती. पायाकडे बघून एवढंच म्हणाली, "आप्पा, माझं मैदान गेलं."

प्लास्टर झालं. आणि या शहाण्याने काय केलं? पोरीला दृष्ट लागली म्हणाला, नि मागच्या बंपरला काळी बाहुली आणि लिंबूमिरची बांधली. माझ्या डोळ्यांदेखत! तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं, की आपली तार तुटावी.

पण पूजाने ती वेळ येऊ दिली नाही. दिवाळी तोंडावर आली, सांगलीची चाचणी तिच्याशिवाय झाली. त्याच संध्याकाळी ती कुबड्यांवर अंगणात आली, गाडीमागे खुर्ची टाकून बसली. बाहुली काढून फेकली. फिल्म नखांनी ओरबाडली. स्क्रू काढले, आम्हा दोघांना दाबून, जरासं फिरवून बाहेर घेतलं आणि नवे दोन बल्ब बसवले. मग डाव्या पायावर लंगडी घालत जाऊन चालकाच्या सीटवर बसली.

"आप्पा, मागं जावा."

भाऊसो गेला. स्वतःच्या गाडीचे मागचे दिवे बघायला तो जन्मात पहिल्यांदा उभा राहिला. तिने डाव्या पायाने ब्रेक दाबला. दोन्ही दिवे लख्ख पेटले आणि त्याचं सगळं तोंड तांबडं झालं.

"पेटत्यात का?"

"व्हय," तो पुटपुटला. "सोड आता."

तिने पाय काढला नाही. "नीट बघा. त्या दिवशी मला ह्यातलं कायबी दिसलं न्हवतं."

भाऊसो खाली बसला, मातीत, नव्या पांढऱ्या पॅंटसकट. रडला. मी बंपरवर पडून बघत होतो. मला त्याची दया आली, असं मी म्हणणार नाही.

मित्रांनो, आता मी मेलेल्या भावाशेजारी एका पत्र्याच्या डब्यात आहे. तुमच्या घरी गाडी असेल तर आजच बघा. एकाने ब्रेकवर पाय ठेवावा, एकाने मागे जाऊन उभं राहावं. काच पुसा, रबर बघा, बल्ब गेला असेल तर जोडीने बदला, आणि मुहूर्त विचारू नका. मागे उभं राहायला मात्र घरात जो स्वतःला सगळ्यात शहाणा समजतो, त्यालाच पाठवा.