केस घोंगडीचा, बोल गोपिकाबाईला

मित्रांनो, मी एका जुन्या मालमोटारीचा कार्बोरेटर आहे. वय झालं, पितळ काळं पडलं, स्क्रू झिजले, पण राग काही गेला नाही. म्हातारपणी माणूस निवळतो म्हणतात. मी माणूस नाही, तेव्हा मला निवळायचं काही कारण नाही.

आधी माझं काम सांगतो, नाहीतर तुम्हीही मला इंजिनाला चिकटलेलं एक डबडं समजाल. टाकीतलं पेट्रोल नळीनं माझ्या वाटीत येतं. वाटीत एक पितळी तुकडा बसवलेला असतो, त्याला जेट म्हणतात. त्याचं भोक इतकं बारीक की जाडी सुई आत जायची नाही. इंजिन श्वास ओढतं तसं त्या भोकातून पेट्रोल वर येतं, मी ते हवेत मिसळतो आणि इंजिनाला पुरवतो. कमी पडलं तर इंजिन खोकतं, जास्त झालं तर काळा धूर ओकतं. घरची बाई भाकरीच्या पिठात पाणी घालते, तसा हा अंदाज आहे. तिची भाकरी बिघडली तर लोक तिला बोलतात. मी बिघडलो तरी लोक बाईलाच बोलले. ते कसं, तेच आज सांगायचं आहे.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या कारखान्यातला. मुंबईच्या धक्क्यावर उतरलो आणि पुढे आगगाडीनं निजामाच्या राज्यात, जालन्याला आलो. तिथल्या एका कापसाच्या जिनिंग कारखान्याच्या मालमोटारीवर मला बसवलं. ते दिवस चांगले होते. दर आठवड्याला मला खोलून धुवायचे, फडक्यानं पुसायचे. कापसाच्या गाठी लादून मोटार चढ चढली की लोक म्हणायचे, "काय दम आहे हिच्यात." दम माझा होता, कौतुक तिचं व्हायचं. त्याचं मला वाईट वाटलं नाही. घरचंच होतं ते.

पुढे मोटार म्हातारी झाली आणि मंठ्याच्या धुळाजीनं ती घेतली. धुळाजी मेंढरं राखणाऱ्या घराण्यातला. लोकर आणि घोंगड्यांच्या धंद्यात त्यानं जम बसवला होता. मंठ्याहून घोंगड्यांचे गठ्ठे, लोकांचा कापूस आणि वर बसतील तेवढी माणसं घेऊन मोटार जालन्याला जायची. चालवायला कडूबा होता. हात चांगला, पण अंग मोडून काम करायची हौस नव्हती. मोटार चालते आहे ना, मग उघडायचं कशाला, हा त्याचा धर्म. धुळाजीची त्याला फूस, कारण विलायती वस्तू उघडली की बिघडते असं त्याच्या डोक्यात पक्कं बसलेलं. आठवड्याचं धुणं बंद झालं ते झालंच.

तेव्हा जगात महायुद्ध चाललं होतं. पेट्रोल मिळायचं मुश्किलीनं, आणि यायचं गंजलेल्या डब्यांतून. डब्याच्या तळाला ही एवढी घाण. ते गाळूनच टाकीत ओतायला हवं, हे धुळाजीलाही कळत होतं.

"मालक, नरसाळ्याची जाळी फाटली. बारीक तारेची जाळी आणा," कडूबा म्हणाला.

"जाळी कशाला? ही घे," असं म्हणून धुळाजीनं कोरी काळी घोंगडी पुढे केली. "हिच्यावर आमचा बिरोबा बसतो. हिच्यातून गाळलं की बिलकुल साफ."

देवाबद्दल मी एक अक्षर बोलणार नाही. देवाला घोंगडी आवडते, खुशाल आवडो. पण देवाच्या पोटात जेट नसतो, माझ्या असतो. कोऱ्या घोंगडीचे केस झडतात. ताठ राहावी म्हणून तिला चिंचोक्याची खळ लावलेली असते, तिची पूड सुटते. गंज वर अडकला आणि लोकर खाली उतरली. टाकीतून नळीत, नळीतून माझ्या वाटीत. वा रे वा गाळणं.

आता पुढचं नीट लक्ष देऊन वाचा, कारण सगळं पाप इथंच आहे. सपाट रस्त्यावर मी कसंबसं भागवायचो. चढ लागला की इंजिन जोरात ओढायचं, वाटीतले केस त्या ओढीबरोबर जेटच्या तोंडाशी येऊन बसायचे आणि पेट्रोल अडायचं. इंजिन खोकायचं आणि बंद पडायचं. बंद पडलं की ओढ थांबायची, केस सुटून तळाशी जायचे, भोक मोकळं व्हायचं. घटकाभर थांबून इंजिन फिरवायचं हँडल मारलं की मोटार पुन्हा चालू. त्या घटकाभरात माणसं जे काही करतील, त्याचा गुण आला असं त्यांना वाटायचं. नारळ फोडा, लिंबू उतरवा, नाहीतर एखाद्या बाईला खाली उतरवा.

ती बाई म्हणजे गोपिकाबाई, धुळाजीची धाकटी बहीण. नवरा लवकर गेला, तेव्हापासून ती भावाच्या घरी राहून लोकर पिंजायची, सूत कातायची. तिची एकुलती लेक आसराबाई जालन्याला दिली होती. आसराबाईचं पहिलं मूल जन्मतानाच गेलं. दुसऱ्या खेपेला दिवस भरत आले तेव्हा पोरीनं निरोप धाडला, "आईला पाठवा. आई जवळ असल्याबिगर मला धीर न्हाई." गोपिकाबाईनं गाठोडं बांधलं आणि ती मोटारीत बसली.

वाटूरच्या अलीकडच्या चढावर मी अडलो. मोटारीत भुजंगराव नावाचा कापसाचा दलाल होता, तोंडानं भारी तिखट. तो खाली उतरला, मोटारीकडे बघितलंच नाही. सरळ गोपिकाबाईच्या कुंकू नसलेल्या कपाळाकडे बघितलं.

"मोटार कशी चालंल? वर कोण बसून राह्यलंय ते बघा ना आधी," तो म्हणाला.

झालं. एकानं म्हटलं की दहा जण री ओढतात. गोपिकाबाईला खाली उतरवलं, रस्त्यावर नारळ फोडला, खोबरं वाटून खाल्लं. तोवर माझ्या वाटीतले केस तळाशी गेले होते. कडूबानं हँडल मारलं, मोटार चालू झाली. "बघा, म्हन्लं न्हवतं?" भुजंगराव म्हणाला. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एक गाठ पडली, आणि या शहाण्यांनी ती गाठ त्या बाईच्या गळ्यात बांधली. मोटार जालन्याला गेली आणि गोपिकाबाई गाठोडं डोक्यावर घेऊन पायी मंठ्याला परतली.

दुसऱ्या खेपेलाही तेच. या वेळी तर पहिल्या खोकल्यालाच तिला उतरवलं.

"दादा, मी काय केलंय रे?" तिनं भावाला विचारलं.

"तू काय न्हाई केलं, गोपिके. पण मोटार चालंना, मंग मी काय करू?"

काय करू म्हणे. अरे, मला खोल की. एक पाना लागतो आणि थोडा वेळ. पण सख्ख्या बहिणीला रानात सोडून देणं या माणसाला सोपं वाटलं, आणि माझी वाटी उघडणं अवघड वाटलं. चोर सोडून संन्याशाला सुळी देतात हे मी ऐकून होतो, ते डोळ्यांनी पाहिलं. मला तोंड असतं ना, तर त्या दिवशी सगळ्या मोटारीला ऐकवलं असतं.

मग एका सकाळी जालन्याहून दुसरा निरोप आला. आसराबाईचं पोट दुखायला लागलंय, जल्दी या. आता धुळाजीला नाही म्हणवेना. तीही त्याची भाचीच. त्यानं गोपिकाबाईला मागे गठ्ठ्यांवर बसवलं, कुणाला दिसणार नाही अशी. ती पदरात तोंड धरून पोरीचं नाव घेत होती, ते मला इंजिनाच्या आवाजातही कळत होतं.

चढ आला आणि माझा जीव गुदमरला. बंद.

भुजंगरावाला ती दिसायला किती वेळ लागणार? उतरवलं तिला. घटकाभर थांबले, हँडल मारलं. मोटार हूं की चूं करीना. इतक्या दिवसांच्या केसांचा आणि खळीचा जेटच्या तोंडात घट्ट बोळा झाला होता. तो आता आपोआप सुटणारा नव्हता.

"ती हितंच उभी हाय ना," भुजंगराव म्हणाला. "मोटारीच्या नजरंआड धाडा."

गोपिकाबाई बाभळीमागे जाऊन उभी राहिली. हँडल मारलं, काही नाही. "अजून लांब." ती नाल्यापलीकडे गेली. तिकडं जालन्यात पोरगी कळा सोसते आहे, आणि इकडं आई एकेक पाऊल मागे सरकते आहे, कशासाठी, तर माझ्या पोटात लोकर अडकली म्हणून. मला आजही ते आठवलं की आतून कढ येतो.

शेवटी कडूबाचे हात दुखले आणि डोकंही फिरलं. त्यानं हँडल खाली टाकलं.

"मालक, अक्का आता दिसंना सुद्धा. आता कुणाला उतरवता? भुजंगरावाला?"

माणसं हसली. भुजंगरावानं तोंड फिरवलं. धुळाजी काही बोलायच्या आत कडूबानं पाना काढला. "मी कारबोटर खोलून राह्यलो. बिघडला तर माझ्या नावानं शिव्या घाला," असं म्हणून त्यानं गोपिकाबाईला हाक मारली, "अक्का, गाठोड्यात ताट हाय का? सामान मातीत ठिवता यायचं न्हाई."

लेकीसाठी घेतलेलं पितळी ताट घेऊन ती आली. कडूबानं आधी एकाच्या तोंडातली बिडी काढून लांब फेकली. मग पेट्रोलची तोटी बंद केली, माझी वाटी उतरवली आणि माझा एकेक तुकडा काढून क्रमानं त्या ताटात मांडला. किती वर्षांनी मला वारा लागला म्हणून सांगू. कुणीतरी पोती शिवायचं दाभण पुढे केलं, "ह्यानं टोच." कडूबानं ते परत केलं. तेवढी अक्कल त्याला होती. दाभणानं भोक मोठं झालं असतं तर मी जन्माचा धूर ओकत बसलो असतो. त्यानं जेटमध्ये तोंडानं फुंकर मारली. हलेना. वाटेनं एक बैलगाडी चालली होती. बैलाच्या शेपटीचा एक ताठ केस मागून घेतला, हळूच आत सरकवला आणि पुन्हा जोरानं फुंकलं.

बोळा सुटून ताटात पडला. काळा, चिकट.

"कापूस हाय का?" कुणीतरी विचारलं.

धुळाजीनं तो उचलला आणि चिमटीत चोळला. धनगराला लोकर ओळखायला दुसरा माणूस लागत नाही. त्याचा चेहरा उतरला. त्यानं बहिणीकडे बघितलं, मग खाली मान घातली.

कडूबानं मला पेट्रोलनं दोनदा धुतलं. वाटीखालचं जुनं वॉशर तुटलं होतं, ते जाड पुठ्ठ्यातून कापून, तेलात भिजवून नवीन केलं. नळी फुंकून मोकळी केली. सगळं जसं काढलं तसं उलट्या क्रमानं बसवलं. मी तयार झालो. आणि तेव्हा धुळाजी काय बोलला, ऐका.

"गोपिके, जरा बाजूला उभी राहा. एकदा चालू होऊ दे, मंग बस."

हातात लोकर धरून हा माणूस असं बोलला. मला वाटलं, आपणच पेट घ्यावा.

पण गोपिकाबाई हलली नाही. "न्हाई दादा," ती म्हणाली. "मी आधी बसते, मंग चालू कर. मी न बसता चालू झाली तर ह्ये लोक जन्मभर म्हन्तील, ती उतरली म्हणून चालली." आणि ती मागे न जाता पुढे, कडूबाच्या शेजारच्या जागेवर जाऊन बसली.

आता सगळं माझ्यावर आलं. पुठ्ठ्याचं वॉशर गळलं असतं, एक केस मागे राहिला असता, तर या बाईच्या कपाळीचा डाग कुणी पुसला नसता. कडूबानं हँडल मारलं. मी भरभरून पेट्रोल ओढलं आणि इंजिनाला दिलं. मोटार एका झटक्यात चालू झाली आणि वाटूरचा चढ न खोकता चढून गेली. दिवस मावळायच्या आत गोपिकाबाई लेकीजवळ पोचली. नात जन्मली ती आजीच्याच हातात, आणि चांगली ठणठणीत रडली.

इथं माझी गोष्ट संपायला हवी होती. मित्रांनो, यंत्र अडलं तर आधी यंत्र उघडून बघा, माणसाच्या कपाळाकडे बघू नका, एवढं मागणं मागून मी गप्प बसलो असतो. पण लोक सुधारतील तर ना. गोपिकाबाई बारसं उरकून मंठ्याला आली, तर बाजारात नवंच बोलणं सुरू झालेलं. ती पुढं बसली म्हणून मोटार पळाली, बाईचा पायगुण चांगला. आणि बोलणारा कोण, तर हाच भुजंगराव. पुढच्या खेपेला तो मोटारीपाशी तिची वाट बघत उभा.

"गोपिकाबाई, आधी तुम्ही पाय ठेवा, मंग आम्ही बसतो," तो हात जोडून म्हणाला.

गोपिकाबाईनं त्याच्याकडे नीट बघितलं.

"भुजंगराव, माझ्या पायात गुण न्हाई आन् अवगुण बी न्हाई. त्याच पायांनी मी दोनदा मंठ्याला चालत आल्ते, तवा तुमी खोबरं खाऊन राह्यल्ते," ती म्हणाली, आणि कडूबाकडे वळली. "कारबोटर धुतला का, तेवढं सांग."