मार्करने बोलायचं नसतं

भिमाजींनी हेडफोन काढून मांडीवर ठेवला, टोपी नीट बसवली आणि हेडफोन परत चढवला. हेडफोन टोपीवरून घालायचा की टोपी हेडफोनवरून, याचा निकाल सकाळपासून लागला नव्हता.

"काका, माइक चालू आहे," प्रणिता हळूच म्हणाली. "बोला काहीतरी. लोक वाट बघतायत."

"पोरगी इचार करतीया," भिमाजी माइकमध्ये म्हणाले. "तिला करू द्यावा." एवढीच त्यांची कॉमेंट्री.

तेवढ्यावरही जामखेडहून कुणीतरी लिहून पाठवलं, 'आबा लई भारी'.

भिमाजींनी चाळीस वर्षं नगरच्या एका क्लबात बिलियर्ड्स-पूलचे मार्कर म्हणून काढली होती. टेबलाशी उभं राहायचं, गुण सांगायचे, चेंडू मांडून द्यायचे. साहेबलोकांना जो शॉट दिसत नसे तो यांना आधी दिसे. पण मार्करने बोलायचं नसतं, हा तिथला रिवाज. बाहेर तर हा खेळ कुणाला ठाऊकच नव्हता. त्यांच्या गावी, सोनईत, क्लब म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे पत्ते आणि बाटली यायची, म्हणून त्यांच्या पत्नी गोजरबाई सोयऱ्याधायऱ्यांना 'हे साहेबाच्या हपिसात असत्यात' एवढंच सांगायच्या. मग आठवडाभर कंपनीत इंजिनिअर असणाऱ्या प्रणिताने रविवारी क्लबाच्या हॉलमधल्या पूलच्या टेबलावर दोन कॅमेरे टांगले, मॅचेस थेट मोबाईलवर दाखवायला सुरुवात केली आणि कॉमेंट्रीला भिमाजींना बसवलं. आता त्याच गोजरबाई पिठाच्या डब्याला मोबाईल टेकवून भाकरी थापतात आणि शेजारणीला फाउल म्हणजे काय ते समजावून सांगतात.

आज फायनल होती. पुण्याची लीना आणि सोनईची स्नेहल. स्नेहल म्हणजे भिमाजींची नात, त्यांच्याच हाताखाली तयार झालेली. जिंकेल तिला राज्याच्या संघातली उरलेली एकच जागा मिळणार होती. नातीच्या मॅचला कॉमेंट्री जमेल ना, असं प्रणिताने विचारलं तेव्हा भिमाजींनी जरा तोऱ्यातच सांगितलं होतं, "टेबलापाशी कुनी आपलं न्हाई अन् परकं न्हाई."

सहा-सहा अशी बरोबरी झाली होती आणि शेवटचा डाव चालू होता. स्नेहलला फक्त आठ नंबरचा काळा चेंडू खिशात घालायचा होता, आणि लीनाचा एकुलता एक चेंडू नेमका वाटेत आडवा बसला होता. सरळ रस्ता बंद. भिमाजींची नजर सवयीने चेंडूंवर खिळली आणि वाट दिसली. पांढरा चेंडू डाव्या कुशनवर, म्हणजे टेबलाच्या खुणा आखलेल्या रबरी कडेवर, आपटून काळ्याला लागायला हवा.

'आबा, आता काय?' कुणीतरी लिहून विचारलं. प्रणितानेही हाताने खूण केली, बोला. आणि चाळीस वर्षांचं झाकण उडालं.

"डाव्या कुशनला लावायचा! दुसऱ्या खुनंच्या जरासा अलीकडं. हळू. काळा आपसूक कोपऱ्यात जातो."

"वा, काका!"

भिमाजी खुशीत आले. बोलण्यात एवढी मजा असते हे त्यांना वयाच्या बहात्तराव्या वर्षी कळत होतं. खेळाडूला बाहेरून शॉट सांगणं नियमात बसत नाही, पण तसा धोकाही काही नव्हता. ही दोघं मागच्या खोलीत दार लावून बसलेली, आवाज हॉलमध्ये जायचा प्रश्नच नव्हता. आणि मोबाईलवर सगळं पंधरा सेकंद उशिराने पोचायचं. सगळा बंदोबस्त चोख होता. फक्त रंगनाथचा विचार कुणी केला नव्हता.

रंगनाथ हा भिमाजींचा धाकटा भाऊ. जीपभर माणसं घेऊन तो सोनईहून आला होता आणि दुसऱ्या रांगेत बसला होता. मॅच समोर दहा फुटांवर चालली होती, तरी हा गडी ती मोबाईलमध्येच बघत होता, कारण भावाचा आवाज मोबाईलमध्ये होता. इतका वेळ त्याने कानात वायर घातली होती. पण असलं सुख एकट्याने भोगणं त्याच्या रक्तात नाही. शेजारच्यांनाही ऐकू यावं म्हणून ऐन वेळी त्याने वायर उपटली.

स्नेहल वाकली होती. काठी मागे घेतली होती. हॉल चिडीचूप. आणि त्या शांततेत मोबाईलमधून भिमाजी खणखणीत बोलले, "डाव्या कुशनला लावायचा!"

मागच्या खोलीत भिमाजींना एवढंच दिसलं की स्नेहल सरळ उभी राहिली. रेफरीने लीनाला काही विचारलं, लीनाने 'खेळू द्या' असा हात केला. स्नेहल टेबलाला वळसा घालून पलीकडे गेली आणि लांबच्या कुशनवरून भलताच अवघड शॉट तिने घेतला. काळा चेंडू कोपऱ्याच्या तोंडाशी जाऊन थांबला. लीनाने आधी आपला घातला, मग काळा. संपलं.

काय झालं ते प्रणिताला बाहेरून कुणीतरी फोनवर सांगितलं. भिमाजी तसेच हॉलमध्ये धावले.

"दादा, मला जोड्यानं हाना," रंगनाथ रडवेला होऊन म्हणाला.

भिमाजींनी त्याच्याकडे बघितलंही नाही. स्नेहल काठीचे दोन भाग सुटे करून पिशवीत भरत होती.

"पोरी, माझ्यामुळं गेलं गं."

"न्हाई ओ आबा. मला तो शॉट दिसलाच नव्हता. तुमी बोलला नसता तरी मी तिकडनंच मारला असता."

"मग ऐकल्यावर तरी का न्हाई मारला?"

"तो तुमचा हुता," स्नेहल हसून म्हणाली. "चला, जीपवाला खोळंबलाय."

भिमाजींचा जीव भांड्यात पडला. खोटं कशाला बोलायचं, थोडं बरंही वाटलं, की आपली नजर अजून पोरीच्या पुढे आहे.

घोडेगावला जीप चहाला थांबली. सगळे उतरले. भिमाजींनी रंगनाथकडून मोबाईल मागून घेतला आणि मागच्या सीटवर बसून रेकॉर्डिंग लावलं. जन्मभर त्यांनी चेंडूच बघितले होते. या वेळी नातीकडे बघितलं.

स्नेहल डाव्या कुशनपाशी आली. काळ्याकडे एकदा बघितलं. मग उजव्या हाताचं बोट तिने कुशनवर अलगद टेकवलं, दुसऱ्या खुणेच्या जरासं अलीकडे, आणि उचललं. काठीला चॉक लावायला वळली. त्यानंतर कुठे भिमाजींचा स्वतःचा आवाज आला.

भिमाजींनी मागे नेऊन पुन्हा बघितलं. मग आवाज बंद करून आणखी एकदा. त्यांचे डोळे भरून आले.

"आबा, चहा." स्नेहल दोन ग्लास घेऊन जीपच्या दाराशी उभी होती. तिची नजर मोबाईलवर गेली आणि तिथेच थांबली. "काय बघताय?"

भिमाजींनी मोबाईल मांडीवर पालथा घातला आणि ग्लास घेतला.

"त्योच शॉट. लई अवघड हुता पोरी," ते म्हणाले. "टेबलापाशी उभं राहून कुनालाच दिसला नसता. मला बी वरच्या कॅमेऱ्यामुळं दिसला."