डावीकडचा दांडा

आमची ताई म्हणते, माझ्या बोलण्यात फार मीपणा आहे. असेल. चाळीस वर्षं फोटोचं दुकान चालवलं. 'मान सरळ, हनुवटी खाली, हसा बघू' असं दिवसभर लोकांना सांगून सांगून हुकूम सोडायची खोडच लागते. पण आज जे सांगतोय त्यात माझी शोभा झालेली आहे. तेव्हा निदान आज तरी मीपणा नाही, एवढं समजून घ्या.

मागे एकदा ताईचा सकाळीच फोन आला. "पुढच्या आठवड्यात कागदाचा कारखाना पाडतायत. ह्यांना बॉयलरघर एकदा बघायचंय. गुडघे तर असे, जिना उतरवत नाही. तू जा आणि फोटो काढून आण."

"त्या पडक्या कारखान्यात काय ठेवलंय आता? भंगारवाल्यांनी खिळासुद्धा सोडला नसेल."

"जमतं का, तेवढं सांग. फाटे फोडू नकोस."

'हे' म्हणजे माझे भाऊजी. त्या कारखान्यात बॉयलरवर होते. एकतीस वर्षांपूर्वी तिथे अपघात झाला आणि त्यांची नोकरी गेली. बॉयलर दोन, वाफेचे पाइप दोन आणि ते बंद करायला भिंतीवर शेजारी शेजारी दोन लोखंडी दांडे. डावा जुन्या बॉयलरचा, उजवा नव्याचा. दांडा खाली ओढला की वाफ बंद. त्या दिवशी जुन्या पाइपची दुरुस्ती होती. भाऊजींनी दांडा खाली ओढला, "बंद!" म्हणून ओरडले आणि त्यांच्या जोडीदाराने पाइप उघडला. उघडतोय तोच वाफेचा लोट त्याच्या तोंडावर, हातांवर आला. या जोडीदाराला सगळे पैलवान म्हणत. तीन महिने तो दवाखान्यात होता.

साहेबलोक चौकशीला आले, पण स्वतः बॉयलरघरात कोणी पाय ठेवला नाही. दुरुस्ती पुन्हा सुरू करण्याआधी दांडे आहेत तसे फोटोत हवेत म्हणाले आणि मला बोलावणं आलं. फोटोत स्वच्छ दिसत होतं: उजवा दांडा खाली, डावा वर. म्हणजे भाऊजींनी चुकीचा दांडा ओढला. भाऊजी आधी छातीठोक सांगत होते, "मी डावाच ओढला." साहेबांनी टेबलावरून फोटो पुढे सरकवला आणि ते आपल्याच हातांकडे बघायला लागले.

त्यानंतर हा माणूस स्वतःच्या हातांना भ्यायला लागला. पुन्हा कुठल्या यंत्राला हात लावला नाही, एका गोदामात पुठ्ठे मोजत बसला. रस्ता ओलांडताना ताईला विचारायचा, "उजवीकडे बघितलं ना मी?" आणि पैलवानाची गल्ली आली की लांबचा वळसा घालून जायचा. मी काय करत होतो? ताईकडे जेवायला जाऊन त्यांना उपदेश करत होतो. "होतं हो भाऊजी, माणूस चुकतो. कबूल केलं की मन हलकं होतं." आज आठवलं की कानशिलं तापतात.

तर गेलो कारखान्यात. म्हटलं, जायचंच आहे तर त्या जुन्या फोटोची दुकानातली प्रत सोबत घेऊ आणि बरोब्बर त्याच जागेवरून नवा काढू. एखादी गोष्ट करायची तर नीट करायची, हा माझा खाक्या.

फाटकावरच्या पहारेकऱ्याने कुरकुर करत आत सोडलं आणि स्वतः मागोमाग आला. लगद्याच्या हौदांत माणूसभर उंचीचं गवत. छपराचे पत्रे गेलेले, नुसत्या सांगाड्याच्या लोखंडी कैच्या उरलेल्या. भिंतींचा गिलावा चालता चालता खांद्यावर पडत होता. बॉयलरघरात मात्र अजून काजळीचा वास होता. दांडे केव्हाच चोरीला गेलेले, पण ते ज्या पाइपांचे होते त्यांची दोन तोंडं भिंतीतून बाहेर आलेली दिसत होती. शेजारी गजांची खिडकी.

स्टँड लावला, कॅमेरा चढवला, जुना फोटो हातात धरला. जुळेना. फोटोत खिडकीची कड डावीकडे, इथे खिडकी उजवीकडे. स्टँड हलवला. मागे गेलो, पुढे आलो, गुडघ्यावर बसलो. उठताना आई गं झालं ते वेगळंच. खिडकी आपली उजवीकडेच.

"ही भिंत नाहीच ती," मी चिडून म्हणालो. "दुसरं बॉयलरघर कुठंय?"

"एकच आहे हो काका," पहारेकरी म्हणाला. "तुम्ही फोटो उलटा तर नाही ना धरला?"

"मला शिकवतोस? तुझ्या जन्माआधीपासून फोटो काढतोय मी!"

बोललो खरा, पण नजर फोटोवर गेलीच. मी फोटो पाठमोरा केला आणि खिडकीच्या उजेडावर धरला. कागदातून आरपार दिसलं. खिडकी उजवीकडे आली, पाइप पाइपावर बसला. आणि खाली ओढलेला दांडा डावीकडे आला.

मी तिथल्या राडारोड्यावर मटकन बसलो. पहारेकऱ्याने धावत जाऊन पाणी आणलं. बिचारा दोनदा म्हणाला, "रागावू नका काका, मी आपलं सहज बोललो."

दुकानात येऊन त्या वर्षाचा खोका काढला आणि ती निगेटिव्हची पट्टी शोधली. निगेटिव्हची एक बाजू चकचकीत असते, एक मळकट. मोठा फोटो करताना चकचकीत बाजू वर, दिव्याकडे ठेवायची. आमच्या धंद्यातला हा अगदी पहिला धडा. त्या दिवशी साहेब बाहेर स्टुलावर बसून दर पाच मिनिटांनी डार्करूमचं दार वाजवत होता आणि मी घाईघाईत ती पट्टी उलटी घातली. बस, एवढंच. डाव्याचं उजवं झालं. दांड्यांवर आकडे असते, अक्षरं असती, तर उलटी दिसली असती. पण काहीच नव्हतं. दांडा बरोबर ओढला होता. आतली झडपच झिजली असणार, तिचा कोण फोटो काढणार!

खोटं कशाला बोलू, दोन दिवस गप्प बसलो. म्हटलं, भाऊजी अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, आता कशाला जखमेवरची खपली काढायची? पण हे त्यांच्या काळजीपोटी नव्हतं, स्वतःचं तोंड वाचवायला होतं. मला ते ठाऊक होतं. तिसऱ्या दिवशी फोटो सुलटा छापला आणि दोन्ही घेऊन ताईकडे गेलो.

सगळं सांगितलं. एका दमात, मान खाली घालून.

ताई माझ्यावर तुटून पडली. "एकतीस वर्षं! माझ्याच घरात बसून, माझ्याच हातचं जेवून ह्यांना शहाणपण शिकवत होतास! लाज कशी वाटली नाही रे तुला?" ती रडत होती, हातातलं फडकं मला मारत होती आणि मी मार खात होतो.

भाऊजी फोटोकडे बघत होते. मग त्यांनी उजवा हात पुढे केला, हवेत काहीतरी पकडून हळूच खाली ओढलं.

"म्हणजे मी डावाच ओढला होता," ते म्हणाले.

"हो भाऊजी."

"डावाच."

"हो. मला माफ करा. पाया पडतो तुमच्या."

"तुझं नंतर बघू," ते म्हणाले. "अगं, माझा शर्ट आण. पैलवानाकडे जायचंय."

दोन जिने उतरायला पाऊण तास लागला. एका बाजूने ताई, एका बाजूने मी. प्रत्येक पायरीवर कळ येत होती, पण "परत फिरू या का?" म्हटलं की डोळे वटारायचे.

पैलवान ओट्यावरच बसला होता. नाव पैलवान, अंगात आता मूठभर हाडं. भाजलेला गाल अजून गुळगुळीत, चकाकणारा. भाऊजींना बघून तो उभाच राहिला. भाऊजींनी दोन्ही फोटो त्याच्या हातात दिले. कसा उलटा झाला, ते मी सांगितलं. माझी चूक म्हणूनच सांगितलं.

पैलवानाने फोटो बघितलेही नाहीत नीट. मांडीवर ठेवून दिले.

"यात नवीन काय?" तो म्हणाला. "तू डावाच ओढलास. मी शेजारीच उभा होतो की. डोळ्यांनी बघितलं."

"तुला माहीत होतं?" भाऊजी म्हणाले.

"दवाखान्यातून सुटलो तो तसाच साहेबाकडे गेलो. सांगितलं. तो म्हणाला, तुझ्या डोळ्यांत वाफ गेली होती, आमच्याकडे फोटो आहे." त्याने माझ्याकडे एकदा बघितलं. मला मान वर करवेना. "मग तुझ्याकडे आलो. दोनदा आलो. दार ठोठावलं, हाका मारल्या. तू आत होतास. मला खोकला ऐकू आला तुझा. दार उघडलं नाहीस. मला वाटलं, माझ्यामुळे नोकरी गेली म्हणून तूच माझ्यावर डूख धरलायस."

ताईने तोंडाला पदर लावला. भाऊजी त्याच्या शेजारी ओट्यावर बसले, बसले म्हणजे कोसळलेच. त्यांनी पैलवानाचा भाजलेला हात दोन्ही हातांत घट्ट धरला आणि हमसाहमशी रडायला लागले. मग रडता रडताच त्याच्यावर ओरडले.

"अरे मग दोनदाच काय आलास? दार तोडायचं होतंस, गाढवा!"